देवघरातली ताटली, दोन बिल्ले आणि एक गोळी: विकू की ठेवू?

कोरेगावकर (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. मी नोकरीला चाकणला. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळे, कोयते, पहार, कुऱ्हाड आणि आता ट्रॅक्टरची चावी मांडतात. त्यांच्या शेजारी पणजोबांचे दोन बिल्ले. ते पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला', म्हणजे इराकमध्ये होते, एवढंच घरात माहीत आहे. आजी (वय ८८) आदल्या दिवशी बिल्ले चिंचेने घासून लख्ख करते. एक चांदीचा आहे. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडानागडा माणूस. त्या माणसामुळे आजी तो कायम पालथा ठेवते. दुसरा पिवळा, त्यावर पंखवाली बाई. फिती कधीच गेल्या.

तिसरी वस्तू देवघरात आहे. पंज्याएवढी गोल ताटली, काळपट, मागून सपाट. किचनच्या काट्यावर ३३० ग्रॅम भरली. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. खंडोबाच्या टाकाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली असते. आम्ही तिला भवानीच समजतो. वर्षानुवर्षं हळद-कुंकू लागून त्याचा थर झालाय, नखाने खरवडला तर निघेल. कडेने इंग्रजी अक्षरं आहेत, पण ती भरून गेलीत. लहानपणी मी विचारलं होतं, देवीच्या अंगावर इंग्रजी कसं? आजी म्हणाली, "तवा सरकारच इंग्रजांचं हुतं, देवाला काय करील?"

माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आणखी थोडं सामान निघालं. चामड्याचा कडक झालेला पट्टा, कुरतडलेल्या खाकी पट्ट्या, एक चेपलेला डबा आणि एक बंदुकीची गोळी. गोळीच्या बुडाला 'के' आणि 'एफ' ही अक्षरं.

आता मुद्दा. जुन्या वस्तू घेणारा एकजण गावात फिरत होता. चांदीच्या बिल्ल्याचे ३,००० आणि ताटलीचे ५०० म्हणाला. पिवळा बिल्ला नको, पट्टा नको. वडील म्हणतात देऊन टाक, घासून घासून त्याच्यावरचं नावसुद्धा गेलंय. आजी ताटलीला हात लावू देत नाही. भाव बरोबर आहे का? आणि ताटली नक्की कसली आहे? फोटो टाकायला जमलं नाही, उद्या टाकतो.

डोंगरवाट (रविवार, रात्री ११:०५)

चिंचेत थोडं मीठ घाला आणि काथ्याने घासा, कोऱ्यासारखा दिसेल. चमकला की भावही वाढेल. ५,००० सांगा.

बुधवारचा_बाजार (सोमवार, सकाळी ६:५०)

कोरेगावकर, आधी चिंच खाली ठेवा. डोंगरवाट, रागावू नका, पण तुमचा सल्ला म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव पुसून कागद पांढराशुभ्र केल्यासारखा आहे.

मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ३५ वर्षं बुधवारी आणि रविवारी हजेरी लावतो. बिल्ले, बटणं, पाण्याच्या बाटल्या, टोपीवरची चिन्हं हे माझं वेड. तलवारींच्या वाटेला जात नाही, का ते पुढे कधीतरी सांगेन.

तुमचा चांदीचा बिल्ला म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, आणि तो नागडा माणूस म्हणजे त्यांचा संत जॉर्ज. पिवळा तो व्हिक्टरी मेडल. पहिल्याची लाखो नगं निघाली, त्यामुळे नुसतं मेडल म्हणून ते दुर्मिळ नाही. खरी किंमत आहे ती काठाची. समोरून बघू नका, नाण्यासारखं आडवं धरा आणि कड वाचा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. लाखो मेडलांतलं एकच तुमच्या पणजोबांचं, हे फक्त त्या तीन मिलिमीटरच्या कडेवरून कळतं. आणि घासताना सगळ्यात आधी तीच कड झिजते, कारण आपण मेडल चिमटीत धरून फिरवत फिरवत घासतो.

हे मी शहाणपणाने बोलत नाही. १९८९ साली १०५ मराठा पलटणीचं एक मेडल मला मिळालं. काळं पडलेलं होतं. नवा उत्साह, ओळखीच्या कारागिराकडे नेलं आणि बफच्या (पॉलिशच्या) चाकावर धरायला लावलं. दोन मिनिटांत आरशासारखं झालं. घरी येऊन भिंगाने बघतो तर शिपायाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं उरलेली. अजून आहे माझ्याकडे. विकलं नाही, कुणाला दाखवतही नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाचा हिशोब सांगतो. त्या मेडलात ३१ ग्रॅमच्या आसपास चांदी असते, शेकडा साडेब्याण्णव शुद्धतेची. त्याने चांदी तोलली, मेडल नाही. पिवळ्यात चांदी नाही म्हणून तो नको. म्हणजे एकाच माणसाची जोडी तो फोडणार. जोडी फुटली की दोन्ही अनाथ. १९८० च्या सुरुवातीला चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी किती मेडलं मुशीत गेली असतील.

गोळी. ही गंमत नाही. 'के एफ' म्हणजे आमच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. बुडाच्या मधोमध टिकली असते, तिच्यावर खड्डा पडलेला आहे का? आणि पुढचं टोक जागेवर आहे का? टोक जागेवर आणि टिकली सपाट असेल तर ती जिवंत आहे असंच समजा, भले शंभर वर्षांची असो. पोरांच्या हातात देऊ नका, ठोकू नका, पक्कडीने टोक काढायला जाऊ नका. परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात ठेवणं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात आधी फोन करा, स्वतः खिशात घालून नेऊ नका.

ताटलीबद्दल माझा एक अंदाज आहे, पण फोटो बघितल्याशिवाय बोलणार नाही. एवढंच करा: बाईचा एक हात पुढे पसरलेला असेल, त्या हाताखाली एक आयताकृती चौकट असेल. त्या चौकटीत काय आहे ते बघा. कोमट पाणी, बाळाच्या दातांचा मऊ ब्रश, आणि चिकटलेलं कुंकू काढायला लाकडी दात-कोरणी. साबण नको, लिंबू नको, चिंच तर नकोच नको.

निवृत्त_सुभेदार_गडहिंग्लज (सोमवार, दुपारी १:२०)

राम राम. मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. बाजारवाल्यांनी बरोबर सांगितलंय.

कोरेगावकर, काठावरचा पलटणीचा नंबर वाचता येतो का? साताऱ्याची पोरं तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा मराठा पलटणींत जायची. १९२२ ला या सगळ्यांची एक रेजिमेंट झाली, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. त्यामुळे नंबर कळला की आजची बटालियन कळते. १०३ म्हणजे आमची जंगी पलटण, १०५ म्हणजे काली पांचवी.

गावच्या चावडीत नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' असा मजकूर असतो. आपल्या भागात बऱ्याच गावांत आहे. चुन्याखाली गेलेली असते, मग पोरं तिच्यावर क्रिकेटचे स्टंप काढतात.

कोरेगावकर (मंगळवार, रात्री ९:१५)

सगळ्यांचे आभार. एका दिवसात बरंच घडलंय.

आधी गोळी. टिकली सपाट, टोक जागेवर. माझा पुतण्या ती शिट्टी म्हणून वाजवायचा प्रयत्न करत होता, हे आठवून अंगावर काटा आला. ठाण्यात फोन केला. दोघे आले, पंचनामा केला, वाळूच्या डब्यात घालून घेऊन गेले. आजीने चहा केला. त्यातल्या एकाने पाटावरचे बिल्ले बघून हात जोडले, तेव्हा वडील पहिल्यांदा गप्प झाले.

काठ बघितला. चांदीच्या बिल्ल्यावर ११७ स्वच्छ आहे, 'मराठाज' अर्धं, नंबर पूर्ण, नाव गेल्यात जमा. पण पिवळ्या बिल्ल्यावर नाव आहे! आजी पिवळा कमी घासायची, 'पितळ हाय ते' म्हणून. पणजोबांचंच नाव, जरा वेडंवाकडं लिहिलेलं.

ताटली. आजीला कसंबसं राजी केलं. तिने आधी देवाची माफी मागितली, मग ताटली पाटावर घेतली आणि पदर खोचून समोर बसली. ब्रश मी फिरवायचा आणि निघालेलं कुंकू तिने वाटीत गोळा करायचं, अशी अट. दीड तास लागला. कडेची अक्षरं उघडी पडली. इंग्रजीत लिहिलंय, 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला'. हाताखाली चौकट आहे, बरोबर. चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव आहे.

ते नाव पणजोबांचं नाही. त्यांच्या थोरल्या भावाचं आहे.

आता हे इथे कसं लिहू कळत नाही. आमच्या घरात त्या भावाचं नाव घेत नाहीत. पलटणीत गेला, तिकडचीच बाई केली आणि तिकडेच राहिला, बायकोला टाकलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. लग्नाकार्यात कुणी पोरगा बाहेरची मुलगी करतो म्हणाला की 'बसऱ्याला चाललास का' असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे.

बुधवारचा_बाजार (मंगळवार, रात्री ११:३०)

माझा अंदाज हाच होता, पण चुकलो असतो तर तुमच्या आजीच्या देवीला उगाच हात लागला असता, म्हणून बोललो नाही.

ही ताटली म्हणजे मेमोरियल प्लाक. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने पाठवली. तेरा लाखांहून जास्त ओतल्या गेल्या. व्यास १२० मिलिमीटर, कांसं. ती बाई ब्रिटानिया, इंग्रजांची राष्ट्रदेवता. म्हणजे तुमच्या आजीचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, देवी होतीच, फक्त परक्यांची. नावापुढे हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो. जनरल असो की शिपाई, चौकट सारखीच. इंग्लंडात लोक तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणायचे.

भाऊही ११७ मध्येच असतील तर ऐका. ११७ मराठा, १०३ आणि ११० या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. बगदादकडे चढत गेल्या, मागे फिरल्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसच्या वळणावर कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. पाच महिने. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खाल्ली. आपल्या बऱ्याच लोकांनी ते मांस खायला नकार दिला आणि मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. किती वाटेत पडले त्याची मोजदाद नीट झाली नाही.

आणखी एक. तुमच्या पेटीत तारा नाही. १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचलेल्याला १९१४-१५ चा कांस्य तारा मिळायचा. पणजोबांकडे दोनच मेडलं, म्हणजे ते १९१५ नंतर गेले. मागाहून भरतीला गेले असावेत. भाऊ कुतमध्ये असेल तर तो १९१५ मध्येच तिथे होता. म्हणजे त्याची मेडलं तीन. ती कुठेतरी गेली आहेत. आजीला विचारा.

यॉर्कची_वहिनी (बुधवार, पहाटे ३:१०)

इथे रात्र आहे, झोप येईना म्हणून लिहितेय. मी मूळची वाईची, वीस वर्षं इंग्लंडात. इथल्या मेडलांच्या जत्रांमध्ये मराठा पलटणींची मेडलं येतात, लिलावातही येतात. ट्रेमध्ये शंभर मेडलं मांडलेली असतात आणि सगळी माणसं मान वाकडी करून काठ वाचत फिरतात. मी एकदा 'सातारा' शब्द शोधत तासभर फिरले. गावाचं नाव मेडलावर नसतं हे तेव्हा माहीत नव्हतं.

कोरेगावकर, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर शोध फुकट आहे. पण आडनाव मराठी कानाने नका शोधू. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. शिंदेचं सिंदे झालंय, जाधवचं जाधो. नाव सापडत नसेल तर पलटण आणि वर्ष टाका आणि यादी वरून खाली वाचा. बऱ्याच भारतीय शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव, तालुका असतो. तालुक्याच्या स्पेलिंगमध्येही काहीही अपेक्षा ठेवा. पंजाबच्या भरतीच्या वह्या आता ऑनलाइन झाल्यात, लोक सुचवतील, पण त्या पंजाबच्या आहेत, त्यात वेळ घालवू नका.

कबर सापडली नसेल तर नोंद बहुधा बसरा मेमोरियलवर असेल. तिथे ४०,००० हून जास्त लोकांची आठवण आहे. पण तयारी असू द्या: अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली, आपल्या शिपायांची फक्त वहीत. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या अहवालात ही असमानता मान्य केली.

आणि कृपा करून ती ताटली पुन्हा देवघरात ठेवू नका. दुखवट्याची वस्तू आहे ती. एखादी काचपेटी करा.

निवृत्त_सुभेदार_गडहिंग्लज (बुधवार, सकाळी ७:४०)

वहिनी, तुमच्याशी असहमत. शहीदाला देवघरात जागा मिळाली तर काय बिघडलं? आमच्या युनिटच्या मंदिरात शहीदांचे फोटो देवाच्या बरोबरीने असतात.

कोरेगावकर, ११७ म्हणजे आमची पाचवी बटालियन. १९२१ ला 'रॉयल' किताब मिळाला तो याच इराकच्या लढायांसाठी. बेळगावला रेजिमेंटल सेंटरला नंबर, नाव, पलटण आणि गाव लिहून साधं पत्र पाठवा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक प्रत द्या. उत्तराची घाई करू नका, पण पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, लाजू नका.

डोंगरवाट (बुधवार, सकाळी १०:००)

चिंचेबद्दल माफी. आमच्या घरातही एक संगीन आहे, आजोबा तिच्याने नारळ सोलायचे. तिच्यावर 'आर एफ आय' लिहिलंय. हात लावत नाही आता. हिला परवाना लागतो का?

बुधवारचा_बाजार (बुधवार, दुपारी २:१५)

डोंगरवाट, आर एफ आय म्हणजे ईशापूरचा रायफल कारखाना. पातं १२ इंच असेल तर दुसऱ्या महायुद्धातली आखूड केलेली. आधी १७ इंची असायच्या, पुढे आपल्याकडे कापून आखूड केल्या. नऊ इंचांवरच्या पात्यांना शस्त्र कायदा लागू पडू शकतो, तो भागाभागाप्रमाणे. तुमच्या ठाण्यात तोंडी विचारा आणि उत्तर कुणी दिलं ते लिहून ठेवा. सोशल मीडियावर हातात धरून फोटो टाकू नका म्हणजे झालं. नारळ सोलताना धार लावली असेल तर मात्र माझ्यासमोर आणू नका, रडू येईल.

तलवारींच्या वाटेला का जात नाही ते सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी एकाने मला मराठा मुठीची तलवार दाखवली. मुठीवर सोन्याचं नक्षीकाम, म्यानाला मखमल, 'सरदार घराण्यातली' म्हणून गोष्ट. १८,००० मोजले. घरी आणली तर रात्री खोलीत आंबट वास. ॲसिडने गंज आणला होता. पात्यावर सगळीकडे सारखाच गंज, मुठीच्या आत जिथे हवा पोचत नाही तिथेसुद्धा. खरा गंज असा शिस्तीत चढत नाही. खऱ्या जुन्या मुठीत घाम, तेल आणि हात गेलेला असतो, बोटांच्या जागा झिजतात. तिची मूठ कुणी कधी धरलेलीच नव्हती. तेव्हापासून मी फक्त ज्या वस्तूवर नाव किंवा नंबर आहे तीच घेतो.

कोरेगावकर, परत कुणी आलं आणि 'परदेशात दसपट भाव मिळेल, कुरिअरने पाठवू' म्हणालं तर दार लावा. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत नाही, तुरुंगाची तरतूद आहे.

जपायचं कसं: जुनी, अनेकदा धुतलेली सुती धोतरं फाडा, प्रत्येक मेडल वेगळं गुंडाळा. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या नकोत, काही वर्षांनी त्या चिकट होतात आणि धातूवर हिरवा लगदा येतो. चामड्याच्या पट्ट्याला तेल पाजू नका, वाकवू नका, आहे त्या आकारात ठेवा. चेपलेला डबा ठोकून सरळ करू नका. ती चेप त्याची आहे.

देवघराचा निर्णय आजीचा. मी संग्राहक आहे, मला काचपेटी आवडते. पण शंभर वर्षं ती ताटली चोरांपासून, भंगारवाल्यापासून आणि चिंचेपासून देवघरानेच वाचवली. बिल्ले घासले गेले, ती नाही.

कोरेगावकर (रविवार, रात्री १०:०५)

आठवडाभर लिहायला जमलं नाही. काल पुन्हा गावी गेलो होतो.

नोंद सापडली. वहिनी, तुम्ही म्हणालात तसंच, आडनाव असं लिहिलंय की मीही दोनदा ओलांडून गेलो. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तेव्हा खात्री पटली. ११७ मराठा, बसरा मेमोरियल, सप्टेंबर १९१६. म्हणजे कुत पडल्यावर पाच महिन्यांनी. कैदेतच.

चावडीच्या भिंतीवर पाटीही आहे. चुना खरवडला. आकडे आहेत, नावं नाहीत.

जेवणं झाल्यावर वडिलांनी आजीला सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थोरल्या आत्याबाई रोज तिच्यापुढं दिवा लावायच्या. आमाला हात लावू द्यायच्या न्हाईत. त्या गेल्यावर मी लावाय लागले." थोरल्या आत्याबाई म्हणजे त्या भावाची बायको, आजीची चुलत सासू. १९६०-६५ च्या सुमाराला वारल्या. मी विचारलं, त्यांना माहीत होतं का ते काय आहे? आजी म्हणाली, "त्या महिन्याला कोरेगावला जाऊन सरकारी पैसं आणायच्या. कशाचं पैसं, कुणी इचारलं न्हाई. घरात समद्यांनी ठरवलंच हुतं की त्यो तिकडं ऱ्हायला."

सुभेदार साहेब, बेळगावला पत्र टाकलंय. ताटली देवघरातच आहे. वहिनी, माफ करा. आजीने कुंकू लावायचं थांबवलंय, आता फक्त फूल ठेवते. अक्षरं भरायला नकोत म्हणाली.

बाजारकाका, थोरल्या भावाच्या तीन मेडलांचं विचारलं. तारा आणि पंखवाली बाई कुठे गेली ते तिला आठवत नाही. चांदीचं मात्र चटकन आठवलं. १९५८ ला वडील झाले तेव्हा घरात बारशाला चांदी नव्हती. थोरल्या आत्याबाईंनी स्वतःच्या पेटीतून एक बिल्ला काढून सोनाराकडे दिला आणि वाळे घडवून आणले. वडिलांच्या पायातले ते वाळे माझ्याही पायात होते, माझ्या पुतण्याच्याही. आजीच्या डब्यातच आहेत.

काट्यावर ठेवून बघितले. दोन्ही मिळून २९ ग्रॅम.

फितींचं तेवढं सांगा. चांदीच्या मेडलाची ३२ मिलिमीटरची आणि व्हिक्टरीची ३९ ची लागते असं वाचलं. पुण्यात कुठे मिळतील?